पॉवर फॅक्टर मोजताना घड्याळ तपासा

महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) मोजायला मायक्रोकंट्रोलरचे (एका चिपवरच्या छोट्या संगणकाचे) घरी बनवलेले मीटर वापरायचे असतील, तर आधी मोजण्याची पद्धत सुधारायला हवी. एक सेकंद गेट (मोजणीची खिडकी) उघडून विजेचे स्पंद मोजले की ५० हर्ट्‌झला १ हर्ट्‌झची चूक राहते. त्याऐवजी एका आवर्तनाचा काळ मोजावा. १६ मेगाहर्ट्‌झच्या टायमरवर तो ३,२०,००० काउंट (ठोके) भरतो. १६ बिटचा टायमर एवढ्यात चारपाच वेळा ओव्हरफ्लो होतो, म्हणजे भरून पुन्हा शून्यावर येतो. ते मोजावेच, आणि कॅप्चर (सिग्नलची कडा येताच टायमरचा आकडा टिपणे) व ओव्हरफ्लो एकाच क्षणी आले तर कॅप्चरचा आकडा लहान असताना एक ओव्हरफ्लो वाढवून धरावा. अधूनमधून दिसणारे वेडेवाकडे आकडे बहुधा इथूनच येतात.

टायमरला ठोके देणारे घड्याळ मात्र क्वार्ट्झ क्रिस्टलचेच हवे. क्रिस्टलऐवजी वापरतात त्या सिरॅमिक रेझोनेटरची चूक अर्धा टक्का, म्हणजे पाव हर्ट्‌झ असू शकते. आपल्या ग्रिडचा ४९.९० ते ५०.०५ हा पट्टाच त्याहून अरुंद आहे!

पॉवर फॅक्टर काढायचा तो व्होल्टेज आणि करंट यांच्यातील फेजवरून, म्हणजे एक दुसऱ्याच्या किती मागे आहे त्यावरून. फेजमध्ये एक अंश म्हणजे ५५.६ मायक्रोसेकंद. व्होल्टेज आणि करंटसाठी फिल्टर व कंपॅरेटर (सिग्नलने शून्य ओलांडताच कडा देणारे सर्किट) हुबेहूब सारखे ठेवावेत, दोन्हींची फक्त चढती कडाच घ्यावी. मग एकच सिग्नल दोन्हीकडे देऊन येणारा फरक वजा करावा. सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) स्वतःची फेजची चूक यात धरली जात नाही, ती वेगळी तपासावी. इंडक्शन फर्नेसच्या हार्मोनिक्समुळे (मूळ लहरीत मिसळणाऱ्या जास्त वारंवारतेच्या लहरींमुळे) शून्य दोनतीनदा ओलांडले जाते, म्हणून कंपॅरेटरला हिस्टेरेसिस (शून्याभोवतीच्या किरकोळ चढउतारांना दाद न देणारे अंतर) लागतोच. आणि मेन्स थेट बोर्डावर कधीही आणू नये. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा.

– एक वाचक, कोल्हापूर