काकू, आमची लोकर आता उकिरड्यावर जात नाही

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, दिवाळीनंतरच्या कातरणीची सगळी लोकर निवडून, धुऊन आणि पिंजून झाली आहे, आणि तिच्यातली मूठभरसुद्धा वाया गेलेली नाही. ही बातमी मी आपल्याला फोनवरही सांगू शकले असते. परंतु आपण आम्हाला जे शिकवले ते आमच्या एका घरापुरते ठेवावे असे मनाला पटत नाही. विदर्भात मेंढ्या पाळणारी आणखी कितीतरी घरे आहेत, त्यांच्यापर्यंतही ते पोहोचावे, म्हणून हे आभाराचे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे.

आपण आमच्या अंगणात पहिल्यांदा आलात तेव्हा कोठ्यामागे लोकरीचा ढीग भिजत पडलेला होता, हे आपल्याला आठवत असेल. आर्वी तालुक्यातील आमच्या भागात मेंढी पाळतात ती मांसासाठी आणि खतासाठी. सुगी आटोपली की कास्तकार आपापल्या वावरात मेंढ्या बसवायला बोलावतात, रात्रभराच्या लेंडीखताचा मोबदला धान्यात किंवा पैशात मिळतो, आणि त्यावर घर चालते. लोकरीला मात्र कोणी विचारत नाही. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, तिच्यात केसाळ तंतूंचे प्रमाण जास्त असते, आणि एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर निघते. घोंगडी विणणारे हात कमी झाले, बाजारात कारखान्यातल्या स्वस्त ब्लँकेटांचे ढीग आले, आणि कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीच्या भावातून सुटेनाशी झाली. तरीही कातरल्यावाचून गत्यंतर नसते, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि अंगावर वाढलेली लोकर घेऊन मेंढी त्या उन्हात चरू शकत नाही. त्यामुळे पैसे देऊन कातरून घ्यायची आणि कातरलेली फेकून द्यायची, असाच रिवाज आमच्या घरात पडून गेला होता.

आपण त्या वेळी लेकीकडे काही महिने राहून नुकत्याच परतला होता, आणि तिकडे एका कुटुंबाने पाळलेले अल्पाका पाहून आला होता. अल्पाका हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला, उंटाच्या कुळातला प्राणी. पेरू आणि बोलिव्हियात तो हजारो वर्षांपासून पाळला जातो. कुरळ्या, फुगीर लोकरीचा हुआकाया आणि लांब, चमकदार बटांचा सुरी अशा त्याच्या दोन जाती आहेत. आणि त्याच्या लोकरीत मेंढीच्या लोकरीसारखा तेलकटपणा जवळजवळ नसतो, हे सगळे आपण आम्हाला ओट्यावर बसून सांगितले. त्याहून माझ्या मनात राहिले ते त्या घरातील रीतीचे वर्णन. दिवसभर जनावरांचे चारापाणी, संध्याकाळी चरखा आणि सुया, आणि प्रत्येक जनावराच्या सुताची लडी त्याच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळी ठेवलेली, असे ते घर होते. मग आपण पिशवीतून अल्पाकाची मूठभर लोकर काढलीत, आमच्या ढिगातली कोरडी मूठभर लोकर तिच्याशेजारी ठेवलीत आणि मला डोळे मिटून दोन्ही चुरगाळून पाहायला लावलेत. अल्पाकाची लोकर बोटांत विरघळल्यासारखी दबली. आमची लोकर दबली, पण मूठ उघडताच पुन्हा उसळून वर आली. त्यावर आपण म्हणालात की एक गळ्याभोवती घालण्याची आहे आणि दुसरी मानेला टोचेल, पण माणूस रोज बसला किंवा चालला तरी ती लवकर झिजणार नाही. आमच्या लोकरीला कमी न लेखता तिचे काम कोणते, एवढेच विचारणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. पुढे जे काही झाले ते सगळे या एका प्रश्नातून झाले, आणि त्यासाठी मी आपले पहिले आभार मानते.

लोकर निवडण्याचे काम आपण आमच्याबरोबर जमिनीवर बसून केलेत. पाठीवरची आणि खांद्यावरची लोकर एका बाजूला, मांड्यांवरची आणि पोटावरची दुसऱ्या बाजूला, आणि कोकरांच्या पहिल्या कातरणीचे मऊ जावळ त्यांच्यापासून अगदी वेगळे, असे तीन ढीग आपण पाडायला लावलेत. पऱ्हाटीची वाळकी पाने, बोंडांच्या नखांचे तुकडे, गोखरू आणि कुसळ हे सगळे बोटांनी वेचून काढावे लागते, कारण पिंजताना कुसळ मोडले की त्याचे तुकडे सुतात शिरतात आणि विणलेल्या वस्तूत ते कायमचे टोचत राहतात. लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावी, हाताने चोळू नये, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घालू नये, नाहीतर तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंतून बसतात, ही शिस्तही आपलीच. पहिल्या धुण्याच्या मातकट पाण्यात मेंढीच्या घामातले पालाशयुक्त क्षार उतरलेले असतात, म्हणून ते पाणी आता वांग्यांच्या वाफ्यात जाते. आणि ज्या लोकरीचे सूत होऊच शकत नाही, ती आम्ही संत्र्याच्या कलमांभोवती आळ्यात अंथरतो. तिने ओल टिकते, आणि कुजताना ती हळूहळू नत्रही देते.

आता सूतकताईविषयी लिहिते, आणि येथे मला जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. आपले शिक्षण सेवाग्रामच्या परिसरात, 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या पद्धतीच्या, शाळेत झालेले, त्यामुळे पितळी चकतीची टकळी आपल्या हातात लहानपणापासून होती. परंतु ती कापसाची टकळी. कापसाचा तंतू आखूड असतो, त्याला भरपूर पीळ द्यावा लागतो, आणि टकळी जड असली तर धागा तुटतो. लोकरीचा तंतू लांब असतो, त्याला कमी पीळ पुरतो, आणि त्याला वजनदार चाती, म्हणजे सूत पिळण्याची फिरती काडी, लागते. आपल्या हातांना कापसाची सवय असल्याने लोकर कातण्याचे मर्म आपल्यापेक्षा या घरात कोणाला तरी अधिक ठाऊक असणार, असे आपण सहज बोलून गेलात आणि थेट आमच्या मामींकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे वळलात.

मामी त्या वेळी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी मेंढ्यांमागे चालता चालता त्या चातीवर लोकर कातत असत, पण लोकर विकली जाईनाशी झाल्यावर ती चाती माळ्यावर गेली, आणि या गोष्टीचा घरात कधी उल्लेखही होत नसे. आपण ती चाती माळ्यावरून काढायला लावलीत, तिला तेल लावलेत आणि मामींसमोर ठेवलीत. त्यांनी पिंजलेल्या लोकरीचा पेळू डाव्या हातात धरला, चाती मांडीवर घासून फिरवली, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये तंतू असा काही सुटू लागला की बघणाऱ्याला तो लोकरीतून आपणहून बाहेर येतो आहे असे वाटावे. सूत फार जाड होऊ लागले की त्या चिमूट किंचित मागे सरकवत, पातळ होऊ लागले की हात जरा थांबवून पीळ चढू देत. डोळे मात्र अंगणातल्या कोकरांवर होते. आपण वही काढून त्यांना विचारत गेलात आणि लिहून घेत गेलात: कोणत्या लोकरीला किती पीळ, पावसाळ्यात लोकर ओलसर झाली तर काय करायचे, जावळ पिंजताना हात कसा हलका ठेवायचा. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ कशी देत असत, तेही त्यांनी सांगितले. ज्या बाईला आयुष्यभर अडाणी म्हटले गेले, तिच्यासमोर एक शिकलेली, मानाची बाई विद्यार्थिनी होऊन बसली, हे आमच्या घराने त्या दिवशी पाहिले. मामींचा त्या दिवसापासूनचा आवाज वेगळा आहे. काकू, याचे आभार कसे मानावेत हे मला खरोखरच कळत नाही. पण मानल्याशिवाय राहवतही नाही.

विणकाम मला आधीपासून येत होते, मात्र ते बाजारच्या ॲक्रिलिक लोकरीचे. हाताने कातलेले सूत सगळीकडे सारखे नसते, म्हणून आधी चौकोनी नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा, आणि मगच टाके मोजावेत, हे आपण शिकवलेत. एकेरी सुतात पीळ तसाच राहिला तर विणलेला तुकडा तिरका होतो, त्यासाठी दोन सुते उलट दिशेने एकत्र पिळून दुपदरी करावीत आणि लडी ओली करून, खाली हलके वजन बांधून वाळत टाकावी, हेही आपणच दाखवलेत. सुती कपड्यासारखी तलम वीण आमच्या लोकरीला मानवत नाही. जाड सुयांवर, सुलट आणि उलट टाक्यांची दाट वीण घातली की बसण्याची आसने, खाटेवरच्या पट्ट्या आणि बाजाराच्या पिशव्या अशा होतात की त्या वर्षानुवर्षे टिकाव्यात. पांढऱ्या जावळाला आम्ही फाल्गुनात वेचून वाळवलेल्या पळसफुलांचा, तुरटी लावून, रंग देतो; काळ्या लोकरीला रंगाची गरज नसते, तिचा मूळ रंगच सुंदर आहे असे माझे ठाम मत आहे.

हे काम दिवसाच्या रहाटगाडग्यात कसे बसते, असे मला आता आजूबाजूच्या बायका विचारतात. माझे उत्तर असे आहे की कातणे हे मेंढपाळाच्या घरचेच काम आहे, ते चराईबरोबर चालू शकते. अँडीजमधील बायकाही अल्पाका राखताना चालता चालता चातीवर सूत काढतात, हे आपण सांगितले तेव्हा मामींनी मान डोलावली होती. संयुक्त राष्ट्रांनी 2024 हे वर्ष उंटकुळातील प्राण्यांसाठी आणि 2026 हे वर्ष कुरणे व पशुपालक यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, हे मी मुलांना वाचून दाखवले. दूरच्या डोंगरातले ते लोक आणि धुऱ्यावर मेंढ्या राखणारे आम्ही एकाच यादीत आहोत, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. उन्हाळ्यात मात्र घामेजल्या हातांनी लोकर विणणे होत नाही, तेव्हा पहाटे फक्त कातायचे आणि विणकाम पाऊस सरल्यावर हाती घ्यायचे, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

या कामाने घरात फार पैसा येतो असे मी कोणाला सांगणार नाही. हाताने कातायला वेळ लागतो, आणि आसनाची किंमत सांगताना मामींचे कष्ट त्यात धरलेच पाहिजेत, ही आपली शिकवण पाळली की काही गिऱ्हाइके परत जातात. जी थांबतात ती मात्र पुन्हा येतात. कातरणीची मजुरी आता लोकरीतून निघते, एवढे मी खात्रीने लिहू शकते.

या पत्राबरोबर तीन लड्या पाठवीत आहे: एक पाठीवरच्या काळ्या लोकरीची, एक पळसाच्या रंगातल्या जावळाची, आणि एक त्या दोन्ही एकत्र पिंजून कातलेली. तिसरीत जावळाचे आखूड तंतू थोडे गाठाळले आहेत. पिंजणे कमी पडले की पीळ, हे आपण हातात घेऊन पाहावे आणि कळवावे. मामींचे म्हणणे आहे की पीळ बरोबर आहे. पौषात पुढची पिंजण सुरू करण्याआधी आपण दोन दिवस राहायला आलात तर त्यांना आपल्याशी समोरासमोर वाद घालायचा आहे.

मामी, मामाजी आणि मुले यांचा आपल्याला नमस्कार.

आपली ऋणी,
मेंढपाळाच्या घरची सून
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा