टीं टीं करणारा सेन्सर बंद करू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

सेल्फ ड्रायव्हिंग गाडीत कॅमेरा असताना वरून रडार (रेडिओ लहरींनी अंतर मोजणारं), लायडार (लेझरच्या किरणांनी मोजणारं) कशाले पाहिजे, उगाच किंमत वाढते, असं आमच्या चहाच्या टपरीवर रोज चालून राहिलं आहे म्हणून लिहितो.

माझ्या साध्या गाडीचंच सांगतो. जुलैत मनीषनगरच्या गल्लीत रिव्हर्स घेत होतो, कॅमेऱ्यावर चिखल, स्क्रीनवर काहीच दिसेना, पण बंपरमधला सेन्सर टीं टीं करून राहिला म्हणून शेजाऱ्याची स्कूटी वाचली. तो आवाजाच्या लहरींवर चालते, कॅमेरा आंधळा झाला तरी त्याचं काम सुरू. मग दिवाळीत एका बाईकवाल्यानं मागून ठोकलं, बिलात सेन्सरचे पैसे वेगळे, अन् नवा बसवल्यावर तो रिकाम्या रस्त्यावरही बोंबलायचा, शेवटी वैतागून आवाजच बंद करून टाकला.

अगदी हेच मोठ्या लेव्हलवर झालेलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी शहरात उबरच्या सेल्फ ड्रायव्हिंग चाचणीच्या गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. सेन्सरला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती, पण सॉफ्टवेअर कधी तिला गाडी समजे, कधी सायकल, आणि त्या व्होल्वोचं कंपनीचं आपोआप ब्रेक लावणारं फीचर उबरनं स्वतःची सिस्टीम सुरू असताना बंद ठेवलं होतं. म्हणजे बॅकअप होता, पण झोपवलेला.

टेस्लानं २०२१ पासून रडार काढलं, २०२२ पासून बंपरमधले सेन्सरही. कॅमेरा एक सांगते, रडार दुसरंच, तर ऐकायचं कोणाचं, हा टेस्लाच्या मस्कचा सवाल काही खोटा नाही. पण ड्रायव्हरलेस टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीनं २०२४ मध्ये काय केलं पहा, कॅमेरे २९ वरून १३ केले, लायडार ५ चे ४, रडार ६ च्या ६ ठेवले. नग कमी केले, जात एकही काढली नाही, आणि मले हेच पटते, कारण एकाच जातीचे दहा कॅमेरे असले तरी धुक्यात दहाही सोबतच आंधळे.

ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही असं आपले गडकरी साहेब म्हणतात, ठीक आहे, पण आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाड्या समृद्धीवर धावूनच राहिल्या ना. १२० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, अन् समोर टेललाइट नसलेला ट्रक उभा. तिथं जास्तीच्या सेन्सरच्या खर्चाची कटकट मी करणार नाही. फक्त समोरची काच बदलली की तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) करा लागते, त्याचे किती लागतील ते शोरूमवाल्यांनी कोटेशनमध्येच लिहून द्यावं.

आपला एक वाचक,
मनीषनगर, नागपूर