नाताळच्या सुट्टीची माहिती निघण्याआधीच द्या

मा. संपादक,

हिंजवडी, खराडी, चाकणमधल्या कंपन्या हिवाळ्यात अनेकांना जर्मनीला डेप्युटेशनवर पाठवतात. निघण्यापूर्वीच्या सत्रात प्रोजेक्ट आणि कर यांवर तासन् तास बोलतात, पण नाताळच्या पंधरवड्याबद्दल चकार शब्द नसतो. नेमके तेव्हा ऑफिस ओस पडते. इटालियन किंवा पोलिश सहकारी आग्रहाने 'चल आमच्याबरोबर' म्हणतात आणि घोडे पेंड खाते ते व्हिसाशी.

त्यांच्या पासपोर्टवर डब्लिनला आदल्या रात्री ठरवूनही जाता येते. आपला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) आयर्लंडला चालत नाही आणि ब्रिटनलाही नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, तिथे अडचण नाही. व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत येऊ देणारा, असेल आणि वेगळा व्हिसा काढून लंडन गाठले, तर परतीचे दार बंद. लांब मुदतीचा व्हिसा संपून निवास परवाना यायचा असेल, तर तात्पुरता कागद मिळतो. त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 चे कोणते पोटकलम लागू केले आहे ते पाहावे. पोटकलम 4 असेल तर जर्मनीत परत येता येते. 3 असेल तर देशाबाहेर जाऊच नये. हा फरक विमानतळावर कळून उपयोग नाही.

जे तिथेच राहतात त्यांची गाठ बंद दुकानांशी. 24 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास शटर खाली येते; 25 आणि 26 ला सार्वजनिक सुट्टी. 2026 मध्ये 25 डिसेंबर शुक्रवारी येतो, म्हणजे रविवार धरून सलग तीन दिवस कुलूप! दूध, ब्रेड, भाजी 23 लाच भरावी. मोठ्या स्टेशनांतली काही दुकाने उघडी असतात, पण महाग. दुखले-खुपले तर 116117 वर ड्यूटी डॉक्टर मिळतो; जिवावरचे असेल तर 112.

सहकाऱ्यांसाठी पुण्याहून खाऊ नेताना पेढे, तूप, पनीर नको. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेण्यास बंदी आहे. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. बाकरवडी खुशाल न्यावी.

स्कीइंगचा बेत असेल तर विमा आधी वाचावा. अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात आणि उतारावरून हेलिकॉप्टरने उचलले तर बिल आपल्या माथी येते. पॉलिसी बहुधा कंपनीच्या नावावर असल्याने ती वाचून सांगणे मनुष्यबळ विभागाचेच काम. हे नोव्हेंबरातच व्हावे. 23 डिसेंबरनंतर तिकडच्या ऑफिसात फोन उचलायला सहसा कोणी नसते.

– एक वाचक, बाणेर, पुणे