नीती आयोगाच्या उपाध्यक्षांना खुले पत्र: मोजलेला आकडा आणि अंदाज वेगळे दाखवा

प्रति,
मा. उपाध्यक्ष, नीती आयोग,
संसद मार्ग, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. आयोगाचे अहवाल अभ्यासाला असतात, पण ते उघडून वाचणारी मुलं थोडीच. आयोगाचं म्हणणं त्यांच्यापर्यंत येतं ते एक्सवरच्या पोस्टमधून. तिथून ते टेलिग्रामच्या ग्रुपवर जातं आणि तिथून वहीत उतरतं. त्या पोस्टमध्ये काय लिहिलं जातं आणि काय गाळलं जातं, याची म्हणूनच मला काळजी वाटते.

जानेवारी 2024 मध्ये ‘नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक बहुआयामी दारिद्र्यातून बाहेर’ हा आयोगाचा आकडा घरोघरी पोचला. 2013-14 मध्ये दारिद्र्य 29.17 टक्के होतं, ते 2022-23 मध्ये 11.28 टक्क्यांवर आलं, असा त्यामागचा हिशेब. पण हे दारिद्र्य मोजणारा निर्देशांक (तो फक्त उत्पन्न नाही, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातली वंचना मोजतो) ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर उभा आहे, ती या दोन्ही वर्षांत झालेलीच नाही. या हिशेबात धरलेल्या तिच्या फेऱ्या तिसरी 2005-06, चौथी 2015-16 आणि पाचवी 2019-21 ची. त्यांच्यात दिसलेला घटीचा वेग धरून ही दोन वर्षं गणिताने काढली आहेत. पाचव्या फेरीचं बरंचसं काम, महाराष्ट्रातलं तर सगळंच, टाळेबंदीच्या आधी उरकलं होतं. हातावर पोट असलेल्या घरांची पुढच्या दोन वर्षांत जी वाताहत झाली, ती त्या वेगात कितीशी उतरणार?

आयोगाने हे लपवलं असं मी म्हणत नाही. आकडा मांडणाऱ्या त्याच्या चर्चापत्रात पद्धत स्पष्ट दिली आहे. फिरताना मात्र आकडा तेवढा राहिला आणि ‘अंदाजित’ हा शब्द गळून पडला.

त्याआधी जुलै 2023 मध्ये आयोगानेच 13.5 कोटींचा आकडा दिला होता. तो 2015-16 आणि 2019-21 या दोन प्रत्यक्ष पाहण्यांमधला, म्हणजे मोजलेला. एका विद्यार्थिनीने दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले होते. तिने विचारलं, “मॅडम, सहा महिन्यांत आणखी 11 कोटी लोक बाहेर पडले का?” प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर द्यायला मला अख्खा तास लागला. पोस्टमध्ये एक ओळ जास्त असती, तर हा प्रश्नच पडला नसता.

24 मे 2025 ला तेच झालं. भारत जपानला मागे टाकून चौथी मोठी अर्थव्यवस्था झाल्याचं आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं. आधार होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिलमधल्या अंदाजाचा. त्यातला फरक एक अब्ज डॉलरहूनही कमी, आणि वर्ष अजून सरायचं होतं. पुढे आयोगाच्याच एका सदस्यांनी हे वर्षअखेरीपर्यंत घडेल, असं म्हटलं. तोवर अभिनंदनाचे संदेश गावोगावच्या ग्रुपवर फिरून झाले होते.

खासगी संशोधन संस्थांनी देणगीदारांसाठी स्वतःचा गाजावाजा करावा, माझी हरकत नाही. आयोगाची गोष्ट वेगळी आहे. तो आमच्या करातून चालतो, पंतप्रधान त्याचे अध्यक्ष आहेत. त्याने मांडलेला अंदाज लोक निकाल समजून घेतात आणि उद्या त्यावरच कोणाला रेशन, कोणाला घरकुल हे वाद होतात.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक पोस्टवर आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘पाहणी’ की ‘अंदाज’ आणि कोणत्या वर्षाचा हे छापा. अहवालाचं नेमकं पान जोडा. खाली कोणी पद्धतीबद्दल विचारलं तर उत्तर द्या. जिल्हावार तक्ते मराठीत येऊ द्या. नंदुरबारचं दारिद्र्य राज्यात सर्वाधिक आहे हे तुमच्याच अहवालात आहे, आणि ते नंदुरबारच्या माणसाला इंग्रजी पीडीएफमध्ये शोधावं लागतं.

आणि याच पाहणीच्या 2023-24 च्या सहाव्या फेरीवर आधारलेला निर्देशांक मांडाल, तेव्हा 2022-23 चा अंदाज त्याच्या शेजारीच ठेवा. मोजलेला आकडा कमी भरो वा जास्त, ज्या हँडलवरून 24.82 कोटी सांगितले, त्याच हँडलवरून तोही सांगा.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका, पुणे