आपल्या घरापर्यंत पोहोचलेले अमेरिकन

मिनिआपोलिस

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ज्येष्ठ नागरिक संघातील तुमच्या व्याख्यानासाठी थोर अमेरिकन व्यक्तींविषयी टिपण पाठवायला तुम्ही सांगितले होते. राष्ट्राध्यक्ष, उद्योगपती आणि शाळेच्या पुस्तकातले शोधक यांची माहिती इस्लामपूरच्या वाचनालयात सहज मिळेल, म्हणून ती नावे मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. त्याऐवजी ज्यांचे काम आपल्या घरात येऊन पोहोचले, पण ज्यांतल्या बहुतेकांचा आपल्याकडे कधी उल्लेखही झाला नाही, अशा माणसांविषयी लिहितो.

सुरुवात तुमच्या छातीत बसवलेल्या पेसमेकरपासून करतो, कारण त्याच्या इतिहासाचा मोठा भाग याच शहरात घडला. १९५० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय हे लहान मुलांच्या हृदयातील जन्मजात छिद्रे शस्त्रक्रियेने बुजवत असत. त्यांपैकी काही मुलांच्या बाबतीत टाके घालताना हृदयातील विद्युत्संदेशाचा मार्ग दुखावला जाई आणि ठोके मंदावत. तेव्हाचे पेसमेकर भिंतीवरच्या विजेवर चालत, त्यामुळे वायर जेवढी लांब तेवढेच रुग्णाचे जग. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि या व्यवस्थेतला धोका उघडा पडला. लिलेहाय यांनी रुग्णालयातील उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुण विद्युत अभियंत्याला बॅटरीवर चालणारे काही करता येईल का, असे विचारले. बॅकन यांनी मेव्हण्याच्या भागीदारीत १९४९ मध्ये एका गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक नावाची छोटी कंपनी काढली होती आणि तिचा बराचसा व्यवसाय दुरुस्तीचाच होता. एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात त्यांनी पूर्वी मेट्रोनोमचा, म्हणजे गाण्याचा ताल धरणाऱ्या यंत्राचा, ट्रान्झिस्टर वापरून केलेला आराखडा पाहिला होता. तोच थोडा बदलून त्यांनी सुमारे चार आठवड्यांत हातात मावणारी पेटी तयार केली. प्रयोगशाळेत कुत्र्यावर तिची चाचणी झाली आणि दुसऱ्या दिवशी बॅकन रुग्णालयात गेले, तर ती पेटी एका मुलाला जोडलेली त्यांना दिसली. आजच्या नियमांत असे काही घडणे शक्य नाही, आणि ते नियम असावेत याच मताचा मी आहे. पण त्या मुलापुढे दुसरा पर्याय काय होता, हेही व्याख्यानात अवश्य सांगा.

ही पेटी शरीराबाहेर असे. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये बसवला गेला, त्यामुळे सारे श्रेय अमेरिकेला देऊ नका. पुढचा टप्पा न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विल्सन ग्रेटबॅच यांचा. हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेणारे उपकरण जोडताना त्यांच्या हाती चुकीचा रेझिस्टर लागला आणि उपकरणाचे विद्युत मंडल नोंद घेण्याऐवजी ठरावीक अंतराने स्वतःच स्पंद देऊ लागले. दुसऱ्या कोणी तो भाग काढून फेकला असता; ग्रेटबॅच यांनी त्याभोवती यंत्र उभे केले आणि १९६० मध्ये ते माणसांच्या शरीरात बसू लागले. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी लिथियम-आयोडीन बॅटरी पेसमेकरमध्ये आणली, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग टळला. बाबा, तुमच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या आयुष्याविषयी जे आश्वासन दिले, त्यामागे हे काम आहे.

आई, यानंतरचे नाव तुझ्यासाठी. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात तू वर्षानुवर्षे बाळांचा ॲपगार स्कोअर लिहिलास. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म १९०९ मध्ये न्यू जर्सीत झाला. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते, परंतु कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना त्या वाटेपासून परावृत्त करून भूलशास्त्राकडे वळवले, जे तेव्हा डॉक्टरांचे प्रतिष्ठित क्षेत्र मानले जात नसे. १९४९ मध्ये त्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या पहिल्या महिला झाल्या. त्या काळी प्रसूतीनंतर सर्वांचे लक्ष आईकडे असे, आणि निळसर पडलेले, श्वास न घेणारे मूल कित्येकदा न जगणारे समजून बाजूला ठेवले जाई. नवजात बाळाची तपासणी नेमकी कशी करावी, असे एका विद्यार्थ्याने नाश्त्याच्या वेळी विचारले आणि डॉ. ॲपगार यांनी समोरच्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, असे सांगतात: हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताठपणा, चेतवल्यावरचा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी, की या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही. हात, डोळे, कान आणि घड्याळ असलेली परिचारिका ती एका मिनिटात करू शकते. गुण लिहायचे म्हटल्यावर बाळाकडे पाहणे भागच पडले, आणि कमी गुण दिसल्यावर हात बांधून उभे राहणे अवघड झाले. शिवाय गुणांच्या नोंदींतूनच आईला दिलेल्या काही भुलीच्या औषधांचा बाळावर वाईट परिणाम होतो हेही पुढे आले. डॉ. ॲपगार व्हायोला वाजवत आणि तंतुवाद्ये स्वतःच्या हाताने बनवत, हेही संघातल्या भजनी मंडळाला आवडेल.

शेतीच्या क्षेत्रातून नॉर्मन बोरलॉग यांना घ्या. हे आयोवा राज्यातील क्रेस्कोजवळचे शेतकरी कुटुंब, म्हणजे येथून फार दूरचे नव्हे. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले होते आणि दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमाच्या दारातून आत आले. आज त्याच विद्यापीठात त्यांच्या नावाची इमारत आहे. १९४४ मध्ये ते गव्हावरील तांबेरा रोगाशी लढण्यासाठी मेक्सिकोला गेले. वेळ वाचवण्यासाठी त्यांनी वर्षात दोन पिके घ्यायचे ठरवले: एक उत्तरेकडील सोनोराच्या सखल भागात, दुसरे मध्य मेक्सिकोच्या उंच पठारावर. बियाणे एकाच हवामानात वाढवावे, असा तेव्हाचा समज होता आणि वरिष्ठांचा विरोधही होता. प्रत्यक्षात दोन्हीकडे टिकलेले वाण दिवसाच्या लांबीवर फारसे अवलंबून राहिले नाहीत, म्हणून ते इतर देशांतही रुजू शकले. खत दिले की उंच गहू लोळतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी जपानी बुटक्या गव्हाशी संकर केला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आणले. कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन आणि कृषिमंत्री सुब्रमण्यम यांच्या पाठबळाशिवाय ते शेतापर्यंत पोहोचले नसते, हे सांगायला विसरू नका. १९६५ च्या सुमारास सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेले गव्हाचे उत्पादन १९७० पर्यंत दोन कोटी टनांवर गेले, आणि त्याच वर्षी बोरलॉग यांना शांततेचे नोबेल मिळाले. पंजाबातील खालावलेली भूजलपातळी आणि खतांचा अतिवापर हा या कहाणीचा दुसरा भाग आहे. तो टाळू नये. मात्र १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खाल्लेल्या तुमच्या श्रोत्यांना परदेशी धान्यावर विसंबणे म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही.

बाबा, तुम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून घरापर्यंत पोहोचलेल्या कामाचा माझाच नियम मोडून नासातील गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांचे नाव घालतो. त्या राहत त्या भागात कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढे शाळाच नव्हती, त्यामुळे कुटुंबाने मुलांच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड केले. १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणेपूर्वी संगणकाने काढलेले आकडे याच बाईंकडून पडताळून घ्यावेत, असा आग्रह धरला होता.

शेवटचे नाव तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गेल ऑमव्हेट यांचा जन्म १९४१ मध्ये याच मिनिआपोलिस शहरातला. त्यांनी कार्लटन महाविद्यालयात शिक्षण घेतले, पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कली येथे १९७३ मध्ये पीएच.डी. केली आणि ज्या भूमीचा अभ्यास केला तेथेच राहून १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. जोतीराव फुल्यांचे विचार इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि कासेगावात राहून परित्यक्ता स्त्रियांच्या व दुष्काळी भागाच्या पाण्याच्या लढ्यातही त्या उभ्या राहिल्या. मोठ्या धरणांविषयीची त्यांची मते चळवळीतल्या अनेकांना पटली नाहीत. तरी त्यांनी ती लेखी आणि उघड मांडली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या कासेगावातच गेल्या. त्यांना अमेरिकन म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारेल. तुम्ही तो श्रोत्यांवरच सोपवा. आई, त्यांच्या सभांना गेलेल्या बायका संघात असतील, तर हा भाग बाबांनी बोलण्याऐवजी त्यांनाच बोलू द्यावा, असे मला वाटते.

तुमचा मुलगा