लांडगा-माणसं लिहिणारा पाद्री

संपादक महोदय, स.न.

परवाच्या पुरवणीतला लोकगीतांवरचा लेख आवडला, पण 'भुताखेताच्या गोष्टी म्हणजे टाइमपास, संशोधन वेगळं' असा जो सूर होता तो काही पटला नाही बुवा.

इंग्लंडच्या डेव्हनमधल्या सबाइन बेरिंग-गूल्डचंच बघा ना (१८३४-१९२४). माणूस पाद्री, १५ पोरांचा बाप, उंच डेस्कपाशी उभं राहून लिहायचा. १८६५ मध्ये याने लांडगा होणाऱ्या माणसांवर चक्क अभ्यासपूर्ण पुस्तक काढलं, जुन्या दंतकथांपासून कोर्टातल्या खटल्यांपर्यंत सगळं त्यात. पुढे एसेक्सच्या खाजणात घडणारी 'मेहाला' ही काळीकुट्ट गॉथिक (म्हणजे भय-गूढाची) कादंबरी, आणि पन्नाशी उलटल्यावर गावोगाव फिरून खडी फोडणारे, कुंपणं घालणारे अशा म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घेणं. चाली लिहायला सोबत जाणकार मित्र.

आता गंमत अशी की छापताना यानेच चावट ओळी काढून सोज्वळ शब्द घातले. आपल्याकडे लावणीचं झालं तसंच थोडंफार, त्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही! पण पठ्ठ्याने मूळ शब्द फाडून नाही टाकले, वहीत जपले, त्यांची सुवाच्य अक्षरात उतरवलेली एक प्रत प्लिमथच्या लायब्ररीला दिली, म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची आणि त्याच दमात हडळीची गोष्टही सांगायची. आम्ही ओव्या तेवढ्या लिहून घेतल्या, हडळ राहिली ती राहिलीच.

– एक वाचक, सातारा