गळाकडून सुरुवात कर

ता. लाखांदूर, जि. भंडारा

प्रिय गजा,
सप्रेम नमस्कार.

मासे धरायच्या सामानाची तुझी यादी मिळाली. बारा फुटी तीन कार्बन रॉड, तीन मोठी रिळं, त्यांना उभं करायचा स्टँड, मासा लागला की वाजणारे अलार्म, आणि वर तंबू-खुर्ची. बेरीज चाळीस हजारांच्या घरात गेली आहे. एरिअर्स हातात आले आणि इतक्या वर्षांनी तू स्वतःसाठी काहीतरी घ्यायला निघालास, याचा मला मनापासून आनंद झाला. पैसे भरायच्या आधी विचारलंस, हे त्याहून बरं केलंस. आमच्याकडे धानाची कापणी आटोपली, चुरणे, म्हणजे मळणी, व्हायचे आहेत. मधे सवड आहे, तर सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी पाच हजारांच्या वर जाऊ नको. आणि तो पैसा माशाच्या तोंडाकडून सुरू करून स्वतःच्या हाताकडे येत खर्च कर. आधी गळ, मग तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, मग ती गुंडाळायचं रीळ, मग मासा उचलायचं जाळं, आणि रॉड सगळ्यात शेवटी. दुकानात याच्या बरोबर उलटं होतं. रॉड काचेत उभा असतो, हातात घेतला की माणूस हरखतो, आणि उरलेल्या शे-दोनशेत गळ-तंगूस कागदात बांधून मिळतात. पण मासा रॉड पाहत नाही बाप्पा. त्याची गाठ पडते ती गळाशी.

तुझी यादी इंग्लंडच्या पाण्यावरून आली आहे, हे वाचताक्षणी कळलं. तिकडे कार्प म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो मासा. तळाशी चरतो, हुशार असतो, आणि तिकडचे लोक त्याच्यासाठी दोन-दोन, तीन-तीन दिवस काठावर मुक्काम करतात. झोपेत मासा लागला तर कळावं म्हणून अलार्म, आणि शंभर पावलांवर गळासोबतचं शिशाचं वजन फेकायचं म्हणून बारा फुटी रॉड. रॉडवर 2.75 असा जो आकडा तू लिहिला आहेस, त्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. रॉडचं टोक काटकोनात वाकवायला किती पौंड जोर लागतो, तेवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा तितका रॉड कडक. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात वीस-पंचवीस पावलांवर गळ टाकायचा असतो. तिथे इतका कडक रॉड घेतलास, तर दोन किलोच्या रोहूने मारलेली मुसंडी तुझ्या हाताला नीट कळणारच नाही, आणि जवळच्या माशाचं तोंड फाटून गळ सुटायचा तो वेगळाच.

आणि तिकडचाच दाखला हवा असेल तर ऐक. इंग्लंडच्या रिचर्ड वॉकर या गळकऱ्याने 1952 साली तिथल्या रेडमायर तलावात 44 पौंडांचा, म्हणजे जवळपास 20 किलोंचा कार्प काढला. तो विक्रम 1980 पर्यंत टिकला. मग त्याच तलावात ख्रिस येट्सने साडेएकावन्न पौंडांचा काढला. दोघांचेही रॉड बांबूच्या चिरलेल्या कामट्या चिकटवून केलेले होते, आणि येट्सच्या गळाला मक्याचे दाणे होते. मका तुझ्या बांधावर आहे, गजा.

आता गळाचं. इथे काटकसर करायचीच नाही. आपले रोहू-कटलाही कार्पच्याच कुळातले. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. तो घास चावून उचलत नाही, पाण्यासकट ओढून घेतो, तोंडात चाचपतो, आणि खटकलं की थुंकतो. तेवढ्या क्षणात टोक रुतलं तर रुतलं. म्हणून प्रत्येक गळ बांधायच्या आधी अंगठ्याच्या नखावर टेकव आणि हळूच ओढ. टोक नखात अडकून बारीक पांढरी रेघ उमटली तर गळ कामाचा. नखावरून सरकून गेला तर फेकून दे, तिथे दहा रुपयांचा मोह धरू नको. आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे ध्यानात ठेव. सुरुवातीला 6 आणि 8 नंबर घे. एकेक पाकीट पुरे.

तिकडची एक युक्ती मात्र जरूर उचल, तिला एक रुपया लागत नाही. 1980 च्या आसपास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी आमिष गळात न टोचता गळाच्या दांडीला एका केसावर लोंबतं ठेवून पाहिलं. आरंभी खरंच माणसाचा केस वापरला होता. मासा आमिष ओढतो तेव्हा उघडा गळही सोबत आत जातो, आणि थुंकताना टोक ओठाला धरतं. तिकडे याला हेअर रिग म्हणतात. तंगुसाचा बोटभर तुकडा, शिजवलेला हरभरा किंवा मक्याचा दाणा, आणि ओवायला गोधडीची सुई, झालं काम. हरभरा रात्रभर भिजवून नीट शिजव. कच्चं कडधान्य माशाच्या पोटाला बरं नाही.

तंगूस हार्डवेअरच्या दुकानातल्या गुंडीवरचा घेऊ नको. तो उन्हात किती महिने लटकत होता, कोणी सांगू शकत नाही, आणि ऊन नायलॉनला खातं. चांगल्या नावाचा, 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा, साधा एकपदरी घे. चारशेच्या आसपास येईल. विणलेली ब्रेड दोरी बारीक असून मजबूत असते म्हणून सगळे तिच्या मागे लागतात, पण ती ताणली तरी लांबत नाही. कटला पहिली धाव घेतो तेव्हा तंगूस थोडा लांबतो आणि धक्का पोटात घेतो. ब्रेड तो धक्का सरळ माशाच्या ओठावर देते. गाठ आवळायच्या आधी ती तोंडात धरून ओली कर. कोरडी आवळली की घासून गरम होते, आणि तंगूस नेमका तिथेच तुटतो. एक वर्ष झालं की तंगूस बदल, बरा दिसला तरी.

हे मी इतकं घोळून सांगतो आहे ते पैशासाठी नाही. तंगूस तुटला की आपलं नुकसान पाच-दहा रुपयांचं. मासा मात्र तोंडात गळ आणि मागे दोन हात दोरी घेऊन पाण्यात जातो. ती दोरी काडी-कचऱ्यात अडकली की तो जागच्या जागी मरतो. स्वस्तात घ्यायचं ते घे, पण ज्याची किंमत मासा मोजतो ते स्वस्तात घेऊ नको. मी याच एका रेघेवर सगळा हिशेब मांडतो.

रीळ 4000 नंबरचं घे. दीड-दोन हजार मोजावे लागतील, आणि ते वाया जाणार नाहीत. चारशे-पाचशेत रॉडसकट जो संच मिळतो, त्यातलं रीळ पहिल्या मोठ्या माशाला जाम होतं. डब्यावर बेअरिंगचे आकडे छापलेले असतात, ते पाहू नको. पाहायचा तो ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढला की तंगूस सुटू द्यायचा ते ठरवणारा रिळाचा ब्रेक. दुकानदाराला म्हण, थोडा तंगूस भरून दे. टोक कपाटाच्या मुठीला बांध, ड्रॅग अर्धा आवळ आणि रीळ धरून मागे मागे चाल. तंगूस एकसारखा सुटत आला पाहिजे. थांबून थांबून, हिसके देत सुटला तर ते रीळ ठेवून दे, मग त्यावर कोणाचंही नाव असो. घरी आल्यावर घरचा ताणकाटा लाव. तंगूस सहा किलोंची ओढ सोसणारा असेल तर दीड-दोन किलोंच्या ओढीला ड्रॅग सुटायला हवा. गाठीने तंगुसाची ताकद थोडी कमी होते, आणि उरलेलं माशाच्या हिसक्यासाठी राखून ठेवायचं.

रॉड नऊ फुटी फायबरग्लासचा घे. हजार-तेराशेत येतो. कार्बनपेक्षा जड असतो, पण मोटारसायकलला बांधून पांदणीने आणलास, आपटला, पोरांच्या हाती पडला, तरी सोसतो. आणि कार्बनमधून वीज वाहते, हे दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडे तलावाच्या पाळीवरून, नाल्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. बारा फुटी कार्बन रॉड उभा धरून तारेखालून चालणं म्हणजे जिवाशी खेळ. रॉड कोणताही असो, तारेखाली उभा करायचा नाही, आणि मृगाचे ढग गरजायला लागले की खाली ठेवून काठ सोडायचा. या बाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

जाळ्याला सातशे-आठशे लागू देत. मोठं, मऊ, बिनगाठीचं घे. गाठींचं जाळं खवले ओरबाडतं, आणि सोडलेल्या माशाला तिथून बुरशी धरते. मासा जमिनीवर टाकायचा नाही. जुन्या स्पंजवर रेक्झिन चढवून वहिनींकडून शिवून घे, वापरताना पाणी मारून ओलं ठेव. शिसं, स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि दोन फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, यांचे दीडशे. ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्याचा फ्लोटही उत्तम चालतो.

फ्लोट मुद्दाम सांगितला. तुझ्या यादीत एकही नाही, कारण ती तळाच्या माशाची यादी आहे. आपला कटला वरच्या थरात फिरतो. त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात असतो, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. सगळंच सामान तळाचं घेतलंस तर कटला तुझ्या डोक्यावरून फिरत राहील, आणि तू चाळीस हजारांचं शिसं बुडवून बसशील. चाऱ्यालाही बाहेरच्या डब्यांची गरज नाही. शेंगदाण्याची ढेप भिजवून कुस्कर, त्यात भाजलेलं बेसन, धानाचा कोंडा आणि कणभर गूळ घाल, आणि पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळ. कटल्यासाठी थोडं सैल ठेव, पाण्यात धुरासारखं विरघळलं पाहिजे. अंडं आणि रवा घालून गोळ्या वळ, दोन-तीन मिनिटं उकळ, की झाल्या तिकडच्या बॉयली.

बेरीज करून पाहा, पाच हजारांच्या आत बसतं. उरलेल्यातून एक खर्च आधी बाजूला काढ. आमचा तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतला आहे, आणि तुझ्या भागातलेही बहुतेक तसेच असतील. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही, आणि संस्था जे शुल्क सांगेल ते घासाघीस न करता द्यायचं. कटला आणि रोहू साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातल्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तळ्यातल्या मत्स्यबीजाचा आजचा सगळा कारभार त्यावर उभा आहे. म्हणजे तुझ्या गळाला लागणारा जवळपास प्रत्येक कटला कोणा ढिवर, म्हणजे मच्छीमार, घराने बोटुकलीचे (बोटभर पिल्लांचे) पैसे मोजून तलावात सोडलेला असतो. संस्थेचं जाळं ज्या आठवड्यात पडणार असेल तेव्हा आपण जायचं नाही. पावसाळ्यात नदीवर, पोटाशी अंडी असलेल्या माशाच्या मागे तर मुळीच नाही.

अलार्मच्या जागी रॉडच्या टोकाला घुंगरू बांध. दुसरा रॉड पुढच्या वर्षी, आणि तोही एका रॉडवर तुझा हात बसला तर. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला जायची तुझी इच्छा आहे, ती तेव्हा पाहू. तिथे बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत, जाड तंगूस लागतो आणि रीळही मोठं. तोवर तुला स्वतःलाच कळेल की पैसा कुठे कमी पडतो आहे. तेव्हा घेतलेली वस्तू तुझ्या गरजेची असेल. हौसेने घेऊन वर्षभरात कंटाळलेले लोक नागपूर-अमरावतीत पुष्कळ आहेत, त्यांचे रॉड निम्म्या किमतीत मिळतात. जुना रॉड घेताना तंगूस ओवायच्या कड्यांच्या आतून कापूस फिरव. तंतू अडकला तर कडं चिरलेलं आहे, ते तंगूस कापेल. जुनं रीळ शक्यतो नको.

चुरणे झाले की ये. संस्थेच्या लोकांशी मी बोलून ठेवतो. रीळ घ्यायला जाशील तेव्हा दुकानातूनच फोन लाव, म्हणजे तंगूस कसा सुटतो ते विचारून मी तिथल्या तिथे हो-नाही सांगेन. येताना सायप्रिनससाठी बांधावरचा मका आण, इथे यंदा कोणी लावलेला नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास